आधी एसएमपीएस, मग ग्राफिक्स कार्ड

माझ्याकडे आजवर तीन ग्राफिक्स कार्डं आली. पहिलं खोटं निघालं. दुसरं खरं होतं, पण कॅबिनेटमध्ये मावेना म्हणून पैसे कापून परत गेलं. तिसरं अजून चालतंय. पहिल्या दोघांच्या नादात जेवढे पैसे बुडाले, तेवढ्यात तिसरं कार्ड एक पायरी वरचं आलं असतं.

मी कुडाळजवळ राहतो. जत्रांच्या हंगामात दशावताराची नाटकं कॅमेऱ्यात घेतो आणि घरच्या कॉम्प्युटरवर त्यांची काटछाट करतो. रात्री उशिरा उभं राहिलेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. एवढा व्हिडिओ नुसत्या जुन्या प्रोसेसरवर रेंडरला, म्हणजे काटछाटीनंतरची पक्की फाइल बनवायला लावला, की तो होईपर्यंत पुढच्या गावची जत्रा लागायची. त्यात घरात भाचा शिकायला आलेला, त्याला गेम खेळायचे. म्हणून चित्र-व्हिडिओचं काम प्रोसेसरवरून उचलणारं कार्ड घ्यायचं ठरलं. मुंबई-पुण्यात बसून लिहिलेले सल्ले भरपूर वाचले, पण व्होल्टेज खालीवर होणं, खारी हवा आणि आतला एखादा भाग बिघडला तर बदलून घ्यायला लागणारा रात्रभराचा प्रवास, यातलं काही त्यांत नव्हतं. ते इथे लिहितो.

भाव मुद्दाम देत नाही, ते आठवड्याला बदलतात.

१. कार्ड लागणार आहे का, ते ठरवा

टॅली, सातबारा, मुलांचा अभ्यास, यूट्यूब यासाठी वेगळं कार्ड लागत नाही. दुकानदार 'कार्ड टाकलं की फास्ट होईल' म्हणाला, तर तिथून निघा. मशीन संथ असेल तर बहुतेक वेळा जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाकायची असते. त्याला खर्च कार्डापेक्षा कितीतरी कमी.

प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल आणि रॅमची एकच स्टिक लावलेली असेल, तर तशीच दुसरी लावून बघा. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅममधूनच काम चालवतं. दोन स्टिक झाल्या की त्याला रस्ता दुप्पट रुंद मिळतो आणि हलके गेम त्यावरच चालायला लागतात. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल, तर मात्र त्यात ग्राफिक्स नसतंच. तिथे कार्डाशिवाय पडद्यावर चित्रच येणार नाही.

गेमसाठी घेत असाल तर गेमच्या इतर अटीही वाचा. भाच्याचा व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या मशीनच्या सुरक्षेच्या सोयी मागतो. कितीही भारी कार्ड लावलं तरी या दोन गोष्टी त्यातून येत नाहीत.

२. कॅबिनेट उघडा आणि कागदावर लिहून काढा

हीच पायरी मी दोनदा गाळली. फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, मोजपट्टी आणि मोबाइल घ्या. प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा आणि आधी फोटो काढा.

पहिली नोंद जागेची. मागच्या पत्र्यापासून पुढच्या पंख्यापर्यंत किती सेंटीमीटर मोकळे आहेत, ते मोजा. ऑफिसातून निघालेली, 'रिफर्बिश्ड' म्हणून मिळणारी बारीक मशीनं आपल्याकडे बऱ्याच घरांत आहेत. त्यांत बुटकं कार्डच बसतं, ज्याला लो प्रोफाइल म्हणतात. माझं दुसरं कार्ड इथेच अडलं. लांबीला बसलं, पण मागची उभी पट्टी तीन-चार बोटं वर आली. पट्टी काढून कार्ड तसंच लोंबकळत ठेवायचा सल्लाही एकाने दिला, तो ऐकला नाही.

दुसरी नोंद एसएमपीएसची, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याची. हा डबा बाहेरून सगळ्यांचा सारखा दिसतो. वर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' लिहिलेलं असतं, ते वाचू नका. बाजूचा स्टिकर वाचा, त्यावर एक तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. माझ्या जुन्या डब्यावर १६ अँपिअर होते. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात, म्हणजे ४५० च्या डब्यातले माझ्या कामाचे १९२ वॅटच. तेही डबा खरं बोलत असेल तर. कॅबिनेटसोबत फुकट आलेला डबा बहुधा खरं बोलत नाही. हातात घेतल्यावर रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा हलका लागला, तर समजून जा.

मदरबोर्डचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. सहा पिनची वायर आणखी ७५ वॅट देते, आठ पिनची १५०. तुमच्या डब्यातून अशी वायर निघते का, ते बघा. निघत नसेल तर जुन्या चार पिनच्या जोडणीवरून आठ पिन करून देणारं पन्नास-शंभर रुपयांचं कन्व्हर्टर दुकानात मिळतं. ते लावू नका. त्या बारीक वायरी एवढा करंट सोसत नाहीत, प्लॅस्टिक वितळलेलं मी बघितलंय.

तिसरी नोंद मॉनिटरच्या पाठीमागची. निळं, पंधरा पिनांचं व्हीजीए एकटंच असेल, तर नव्या कार्डाला ते सरळ जोडता येणार नाही. कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१६ साली आलेल्या १० मालिकेपासून (जीटीएक्स १०५० वगैरे) ही जुनी जोडणी कार्डातून काढूनच टाकली. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारं कन्व्हर्टर मिळतं. नुसती केबल चालत नाही, आत चिप असलेलं घ्यावं लागतं. त्याचे पैसे बजेटमध्ये धरा.

प्रोसेसरचं आणि मदरबोर्डचं पूर्ण नावही लिहा. त्यांचं काम चौथ्या पायरीत आहे.

३. घरातला करंट तपासा

कार्ड घ्यायच्या आधी वायरमनला बोलवा. आमचा वायरमन बोर्ड उघडून दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "अर्थिंगच नाय आसा, नि तू कार्डाचा काय घेऊन बसलंस?" तिसऱ्या पिनेला वायर होती, पण ती भिंतीत कुठेतरी संपत होती. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर तुमच्याकडेही बहुधा हेच असणार.

मल्टीमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास तेवढंच व्होल्टेज दिसलं पाहिजे, जेवढं फेज आणि न्यूट्रलमध्ये दिसतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्टच. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठाक होते आणि अर्थिंग ढिलं पडतं. आम्ही खड्ड्यात मीठ-कोळसा नव्याने भरून घेतला आणि उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओततो.

यूपीएसचंही बघा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅटचा नव्हे, त्यावर बहुधा ३६० वॅट लिहिलेलं असतं. लाईट गेल्यावर काम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरताच तो असतो. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवणार असाल तर तो साइन वेव्हचा हवा आणि त्यावर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा. नाहीतर लाईट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या त्या क्षणात मशीन रिस्टार्ट होतं.

आणि वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडायला लागलं की नुसतं स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा, इंटरनेटची तांब्याची केबलही काढा. आमच्या वाडीत एकाचा मदरबोर्ड वीज पडल्यावर त्या केबलवाटेच गेला.

४. आता कार्ड निवडा

सगळ्यात मोठा सापळा मेमरीच्या आकड्याचा. 'चार जीबीचं कार्ड' म्हणून जीटी ७३० गळ्यात मारतात. मेमरी म्हणजे गोदाम, वेग चिपचा असतो. चार खोल्यांचं गोदाम आणि हमाल एक, अशी त्याची गत. जीटी १०३० एका नावाखाली दोन प्रकारचं आलं, त्यातलं डीडीआर४ मेमरीचं फारच मंद. शिवाय दोन्ही प्रकारांत व्हिडिओ रेंडर करणारा एन्कोडर नाही, म्हणजे माझ्या कामाला दोन्ही बाद.

त्यापुढे तुमच्या कागदावरच्या नोंदींप्रमाणे वाटा फुटतात.

*एसएमपीएस बदलायचा नाही, जादा वायर नाही.* मग ७५ वॅटच्या आतलं कार्ड. जीटीएक्स १०५० टीआय जुन्या बाजारात खूप दिसतं, पण ते आता सोडा. त्या पिढीसाठी एनव्हिडियाने गेमसाठीचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले, सुरक्षेपुरते तेवढे पुढे येत राहतील. जीटीएक्स १६५० हे २०१९ चं, चार जीबीचं. अजून चालण्यासारखं आहे. त्याची काही मॉडेलं बिनवायरची, काहींना सहा पिन लागते. खोक्यावर नाव एकच, म्हणून कार्डाचा वरच्या कडेचा फोटो मागूनच घ्या.

मी घेतलं ते आरटीएक्स ३०५०, सहा जीबीचं. २०२४ साली आलं, ७० वॅट खातं, बहुतेक मॉडेलांना जादा वायर लागत नाही, बुटक्या आवृत्तीतही मिळतं. इथे एक गोम आहे. आठ जीबीचं आरटीएक्स ३०५० हे दुसरंच कार्ड. ते २०२२ चं, १३० वॅटचं आणि वेगानेही पुढे. दुकानदार एकाचा भाव सांगून दुसरं देऊ शकतो. बिलावर जीबी लिहून घ्या.

एएमडीचं आरएक्स ६४०० दिसायला छान, फक्त ५३ वॅट. पण ते स्लॉटच्या चारच मार्गिकांवर चालतं. मदरबोर्ड पीसीआयई ३ चा, म्हणजे जुन्या पिढीच्या स्लॉटचा असेल, आणि जुन्या मशीनवर तो असतोच, तर त्याचा वेग तिथेच गळतो. व्हिडिओ एन्कोडर त्यातही नाही. आरएक्स ६५०० एक्सटीची तीच दोन दुखणी, वर १०७ वॅट. नव्या मदरबोर्डवर नुसते गेम खेळणाऱ्याने घेतलं तर समजू शकतो.

इंटेलचं आर्क ए३८० सहा जीबीचं आणि व्हिडिओच्या कामात या किमतीला तोड नाही, अगदी एव्ही१ या नव्या व्हिडिओ प्रकारातही रेंडर करतं. पण त्याच्या काही मॉडेलांना जादा वायर लागते, आणि मदरबोर्डमध्ये रिसायझेबल बार नावाची सोयही लागते. इंटेलच्या दहाव्या पिढीच्या आधीच्या मशीनवर ती बहुधा नसते, आणि नसली की गेम अडखळतात. मदरबोर्डचं नाव लिहून घ्यायला सांगितलं ते यासाठी.

*चांगला एसएमपीएस घ्यायची तयारी आहे.* मग आरएक्स ६६०० बघा. आठ जीबी, १३२ वॅट, आठ पिनची एक वायर. भाच्याच्या मित्राकडे आहे, १०८०पी पडद्यावर त्याला आणखी काही लागत नाही. आर्क बी५८० बारा जीबीचं, पण १९० वॅट खातं आणि जुन्या प्रोसेसरबरोबर मागे पडतं. नव्याने पूर्ण मशीन जुळवणाऱ्यानेच त्याच्या वाटेला जावं.

चौथ्या-सहाव्या पिढीच्या आय५ वर आरएक्स ६६०० पेक्षा मोठं कार्ड लावणं म्हणजे होडीला बोटीचं इंजिन. प्रोसेसरच मागे राहतो आणि कार्ड वाट बघत बसतं. मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा असेल तर आणखी खालचं कार्डही पुरतं.

मेमरीचा आकडा बघून भुलू नका म्हटलं, तरी आज नवं घेताना चार जीबी नाइलाज असेल तरच.

५. कुठून घ्यायचं

मी मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. संध्याकाळी तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसलात की सकाळी दादर, तिथून स्लो लोकलने ग्रँट रोड, आणि पुढे चालत. फास्ट लोकल ग्रँट रोडला थांबत नाही. दुकानं साडेदहा-अकराशिवाय उघडत नाहीत, रविवारी बहुतेक बंद. किमान चार दुकानांत भाव विचारा आणि सगळीकडे कागद पुढे करा. मॉडेलचं पूर्ण नाव सांगणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुकानदार वेगळं बोलतो. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात जाऊ नका, परतीच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही आणि खोकं मांडीवर घेऊन बसावं लागतं. सिंधुदुर्गातल्यांना कोल्हापूर किंवा गोवाही जवळ पडतं. निवड थोडी कमी, पण बदलून आणायला जाणं सोपं.

बिलाशिवाय घेतलंत तर जीएसटीचे १८ टक्के सोडतो, असं म्हणणारा हमखास भेटेल. सोडू देऊ नका. वॉरंटी त्या बिलावरच उभी आहे.

ऑनलाइन मागवताना विक्रेता कोण आणि परत घ्यायची मुदत किती दिवसांची, ते बघा. आमच्याकडे पार्सल यायलाच आठवडा जातो, पावसात जास्त. खोकं फोडतानाचा व्हिडिओ न तोडता काढा, त्यात पत्त्याचं लेबल आणि सीरियल नंबर दोन्ही दिसले पाहिजेत.

आता जुन्या कार्डांबद्दल. माझं पहिलं कार्ड 'जीटीएक्स १०५० टीआय, चार जीबी' म्हणून घेतलेलं. माझा मॉनिटर व्हीजीएचा, आणि या कार्डाला व्हीजीएची निळी जोडणी होती, म्हणून मी खूश. खरं तर तिथेच पकडायला हवं होतं. वर सांगितलं तसं, त्या मालिकेत ती जोडणी नसतेच. विंडोजमध्ये नाव बरोबर दिसायचं, पण गेम उघडला की पडदा काळा. शेवटी जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं, तर नावाच्या आधी 'फेक' असं लिहून आलं. आत जीटीएस ४५० ची चिप, २०१० सालची. कार्डाचा बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नवं नाव चिकटवलेलं. विकणाऱ्याचा फोन नंतर लागला नाही.

म्हणून जुनं कार्ड घेताना समोर मशीनला लावून जीपीयू-झेड दाखवायला सांगा, आणि मग दहा-पंधरा मिनिटं एखादा जड गेम चालवून. लांबचा विक्रेता असेल तर व्हिडिओ कॉलवर. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणितं चालवून ते डिजिटल चलन कमावणं, बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली. ती अजून फिरताहेत. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण त्याचे पंखे बोटाने हलवून बघा. खरखर लागली किंवा पंखा डुगडुगला तर नको. आणि किनाऱ्यावरच्या घरातलं कार्ड असेल तर मागच्या पट्टीवरचा गंज आणि सोनेरी दातांजवळचा हिरवट थर बघा. हिरवं दिसलं की हात जोडा.

६. जपून ठेवायचे कागद

- जीएसटी बिल, मॉडेलच्या पूर्ण नावासह आणि सीरियल नंबरासह. थर्मल कागदावरचं असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, आमच्या दमट हवेत ते सहा महिन्यांत कोरं होतं.
- खोकं, त्यावरचा स्टिकर आणि आतली काळी-चंदेरी पिशवी.
- कार्डाच्या पाठीवरच्या सीरियल नंबराचा फोटो.
- वॉरंटी किती वर्षांची, कुठल्या तारखेपासून मोजतात, आणि सर्व्हिस सेंटर कुठे, हे विकत घेतानाच लिहून. बाहेरून आणलेल्या मालाला भारतात वॉरंटी मिळेलच असं नाही.

७. बसवायचं कसं

जुनं कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर आधी काढून टाका. मशीन बंद, प्लग बाहेर, मग चालू करायचं बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि कार्ड कडेने धरा.

मागची एक किंवा दोन पत्र्याची झाकणं काढा. कार्ड स्लॉटवर सरळ ठेवून दोन्ही टोकांना सारखं दाबा, टोकाचं कुलूप 'टक' वाजलं पाहिजे. स्क्रू लावा. वायर लागत असेल तर ती शेवटपर्यंत आत घाला.

मग मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डाला लावा. हसू नका. कार्ड लावलं तरी काही फरक नाही म्हणून मला आलेल्या दोन फोनांत केबल जुन्याच जागी होती.

ड्रायव्हर कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. त्याच दिवशी जीपीयू-झेड चालवा आणि अर्धा तास गेम किंवा रेंडर लावून तापमान बघा. ८० अंशांच्या आत असेल तर ठीक. ८५ च्या वर गेलं तर झाकण उघडून परत बघा. उघड्यावर बरंच उतरलं, तर दोष कार्डाचा नाही, कॅबिनेटमध्ये हवा फिरत नाही. परत करायची मुदत संपायच्या आत हे सगळं व्हायला हवं.

८. पावसाळा

जून ते सप्टेंबर मशीन रोज अर्धा तास तरी चालवा. आतली ऊब ओल धरू देत नाही. महिनाभर बंद ठेवून गणपतीला एकदम चालू केलेली मशीनंच जास्त जातात. समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नका आणि जमिनीवर तर नकोच. चालू असताना प्लॅस्टिकचं आवरण घालू नका, कार्ड घुसमटतं.

चित्र यायचं बंद झालं तर घाबरायच्या आधी कार्ड काढून सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलके पुसा, कण झटका आणि परत बसवा. दमट दिवसांत निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं.

मुंग्या एसएमपीएसमध्ये घर करतात, त्यासाठी टेबलाच्या पायांना लक्ष्मणरेषा ओढा. आणि कार्ड बसवताना मागची जास्तीची झाकणं काढली असतील तर त्या फटींवर बारीक जाळी चिकटवा. आतली ऊब पालींनाही आवडते. माझ्या जुन्या एसएमपीएसचा शेवट आत शिरलेल्या पालीनेच झाला, आणि वास तीन दिवस खोलीत होता.